भावोजी, फ्लॅशला आता हरकत नाही

सूचना! रोहा, पेण आणि मधल्या सर्व स्टेशनांवर राहणारे समस्त नातेवाईक, शेजारी, कंपनीतले जुने सोबती आणि लग्नकार्यात फुकट फोटोची आशा धरून उगाच जवळ घुटमळणारी तमाम मंडळी, यांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, आमच्या भावोजींच्या घरात फ्लॅश मारण्यावर इतकी वर्षं असलेली बंदी आजपासून उठवण्यात आली आहे. ज्याला जिथे आणि जितका मारायचा असेल त्याने तो मारावा. देवघरात मारावा, पाळण्यातल्या बाळाच्या डोळ्यांवर मारावा, नव्या नवरीच्या नथीवर मारून तिच्या नाकाचा काजवा करावा. कोणी हात आडवा घालणार नाही. कोणी कपाळाला हात लावून "गेली, संध्याकाळ गेली" असं म्हणणार नाही.

भावोजी, ही सूचना मी तुमच्या ओटीवर उभी राहून, पदर खोचून, खणखणीत आवाजात वाचून दाखवणार होते. दिवसांना आलेली माणसं गप्प गप्प चहा पीत बसली होती आणि मला ते सहन होत नव्हतं. मी उठलेसुद्धा. तेवढ्यात ताईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं पाहिलं. आणि मी खाली बसले. तुम्ही असता तर म्हणाला असता, "सांभाळा रे, पंखा बंद पडलाय."

पंखा हे नाव तुम्हीच ठेवलंत. तुमच्या फोटोंत मी कधी माणसासारखी आलेच नाही. बाकी सगळे डोळे, नाक, कानासकट जागच्या जागी, आणि माझ्या जागी साडीच्या रंगाचा एक फराटा. कारण तुमच्या त्या चंदेरी, साबणाच्या वडीएवढ्या कॅमेऱ्याला कमी उजेडात डोळा बराच वेळ उघडा ठेवावा लागायचा, आणि मला तेवढ्या वेळात काही ना काही सांगायचं असायचं. सांगायचं म्हणजे हातांनीच सांगणार ना माणूस?

तुम्ही पहिल्यांदा तो कॅमेरा घेऊन पेणजवळ जोह्याला, आमच्या गणपतींच्या कारखान्यात आलात ते मला आठवतं. गणपतीचा सीझन ऐन भरात होता. खिडक्यांना पावसासाठी प्लास्टिक लावलेलं, कारखान्यात एकच ट्यूब, तीही मधूनच फडफडणारी. आमचे हे आखणीला बसले होते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचे. त्या कामाच्या वेळी आमच्याकडे शिंकसुद्धा परवानगी घेऊन येते. त्याआधी कोणी पाहुणे येऊन फ्लॅश मारून गेले होते आणि त्यांच्या फोटोंत प्रत्येक गणपतीच्या मुकुटावर नि पोटावर एक पांढरा गोळा चिकटला होता. म्हणून तुम्ही कॅमेरा काढल्यावर यांनी मान वर न करताच सांगितलं, "भावजी, वीज पाडू नका."

तुम्ही कापडी पिशवीतून तांदूळ भरलेली एक छोटी उशी काढलीत, शाडूच्या गोणीवर ठेवलीत, आणि कॅमेरा तिच्यात असा रुतवून बसवलात की जणू बाळंतिणीने बाळ निजवलं.

"हे काय?" मी विचारलं.

"गादी. कॅमेऱ्याची. तुझ्या ताईने शिवलीय."

"आणि त्याला अंगाई कोण म्हणणार?"

"तू सोडून कोणीही."

मग तुमचं प्रवचन सुरू झालं. मला ते अजून पाठ आहे. फोटो हाताने काढायचा नाय. हात कितीही धरला तरी हलतो, म्हणून कॅमेरा कशावर तरी टेकवायचा. गोणी, पाट, दाराची चौकट, काही नसेल तर आपलंच डोकं भिंतीला टेकवायचं. बटण बोटाने दाबलं तरी कॅमेरा हलतो, म्हणून टायमर लावायचा आणि हात मागे घ्यायचा. झूम करायचं नाय, झूम केलं की आत उजेड कमी जातो. जवळून हवा तर चालत जवळ जायचं. आणि तो आयएसओ की काय, उजेड ओढायचा आकडा, तो उगाच वाढवायचा नाय, वाढवला की फोटोत रवा पडतो.

"बारीक की जाडा?" मी विचारलं.

"उपम्याचा," तुम्ही म्हणालात, न हसता. तुमची हीच गोष्ट मला आवडायची. तुम्ही माझ्या विनोदावर कधी हसला नाहीत, पण प्रत्येक विनोदाला जागा करून दिलीत.

त्या दिवशी टायमर टिकटिकत होता, यांचा कुंचला मूर्तीच्या पापणीवर होता, आणि तुम्ही हळूच म्हणालात, "श्वास सोडा, आणि सोडल्यावर थांबा." हे पुटपुटले, "मी तेच करतो हो. आतमध्ये श्वास असला की रेघ थरथरते." तुम्ही दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता हे दोघे जोडीने कुठल्यातरी मठात जातात. तो फोटो अजून कारखान्यात लावलाय. ट्यूबचा तो आजारी उजेड, धुळीचा पडदा, आणि त्यात एकच डोळा उघडलेला गणपती. गिऱ्हाइकं मूर्ती बघायची सोडून त्याच्यासमोर उभी राहतात.

पण मी ऐकणारी थोडीच. फ्लॅशवरून आपलं जे भांडण लागलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचे, "अंधारात बसलेल्या माणसाला जरा उजेड दिला तर काय बिघडतं?" तुम्ही म्हणायचात, "त्याला उजेड पायजे असता तर त्याने बत्ती लावली असती." मी म्हणायचे, तुम्हाला कंपनीच्या शिफ्टने वेड लावलंय, दिवसा झोपून संध्याकाळी उठणारा माणूस, त्याला उजेडाचं काय कौतुक! तुम्ही म्हणायचात, "तुझं तोंड म्हणजेच फ्लॅश हाय. धाडकन पेटतं आणि समोरच्याचे डोळे मिटतात." मी नवा मोबाइल घेतला तेव्हा मुद्दाम रोह्याला आले. तुमच्याच परसात, दिवेलागणीला, केळीखाली बसलेल्या ताईचा फोटो काढून तुमच्या नाकासमोर धरला. भर दुपारी काढल्यासारखा लख्ख. "बोला आता!" तुम्ही चष्मा लावून बराच वेळ बघितलंत.

"छान हाय," म्हणालात. "पण संध्याकाळ कुठं गेली?"

मी हरले नाही. हरल्याचं कबूलही करत नाही. पण भावोजी, तो फोटो परवा उघडून बघितला, आणि खरंच, संध्याकाळ कुठे दिसेना.

साखरचौथीचा फोटो तर आपल्या खानदानाचा खजिना. भाद्रपद चतुर्थीला सगळ्या जगाचे गणपती आमच्या हातून घरोघर जातात, म्हणून आमचा स्वतःचा बाप्पा बसतो तो पंधरवड्याने, साखरचौथीला. तेव्हा कुठे आम्ही कारखान्यातली माणसं हात धुऊन माणसांत येतो. चंद्र उगवला, आरती झाली, आणि तुम्ही फर्मान काढलंत: बत्त्या बंद, फक्त समया. सगळ्यांना मखराभोवती बसवलंत. पांढरी चादर माझ्या जावेकडून एका बाजूला धरवलीत, समईचा उजेड तिच्यावर आपटून चेहऱ्यांवर यावा म्हणून. कॅमेरा पाटावर, गादीवर. "कोण हललं तर प्रसाद नाय." टायमर लावून तुम्ही आलात आणि मखराशेजारी मांडी घालून बसलात. सगळ्या घराने श्वास सोडला आणि थांबलं.

आता अशा शांततेत माझ्यासारखीने काय करायचं, तुम्हीच सांगा. मी एवढंच म्हणाले, "मोदकात मीठ घातलंय."

खोटं होतं ते. पण एकेक चेहरा असा फुटला! जावेच्या हातातून चादर सुटली, ताई माझ्या पाठीत गुद्दा घालायला वळली, तुमचा केदार हसून मागे कोसळला. फोटोत काय आलं? धूर. रंगीबेरंगी धूर. त्या धुरात स्वच्छ, स्पष्ट, एक केसही न हललेले असे दोघेच: गणपती आणि तुम्ही.

"घरात दोनच माणसं देवाची," तुम्ही म्हणालात, "एक तो, एक मी." आणि तो फोटो पुसून टाका म्हणून सगळे मागे लागले तरी तुम्ही तो पुसला नाहीत.

मग तुमचा दम सुरू झाला. आधी जिन्यावर, मग ओटीवर, मग बसल्या जागीही. श्वास सोडून थांबा, असं जगाला सांगणारा माणूस. तुम्हाला सोडलेला श्वास परत घ्यायलाच वेळ लागायला लागला. मी पेणहून गाडी पकडून यायचे. येताना कासू स्टेशनात गाडी थोडी रेंगाळली की मनातल्या मनात शिव्या घालायचे. तुमच्या घरात शिरले की मात्र दारातूनच आवाज लावायचे, "पेशंट कुठाय? फ्लॅश मारायला आलेय!" तुम्ही हात वर करायचात. कप धरायचात तेव्हा बशी वाजायची, आणि ताई दुसरीकडे बघायची.

ताईला एकच लागून राहिलं होतं. केदार बोटीवर नोकरीला. फोन लागला की तुम्ही दोघे एकमेकांना "बरा हाय ना?" एवढंच विचारायचात. त्याची उतरायची वेळ जवळ आली होती, पण समुद्राला कोण सांगणार, आमच्या माणसाला जरा लवकर सोड म्हणून? तुम्ही बेडच्या कडेला बसून दाराकडे बघायचात, आणि ताई तुमच्याकडे बघायची. पुढे काय झालं ते कळायला एवढं पुरे.

एका संध्याकाळी तुम्ही मला खिडकीशी खुर्चीत बसायला सांगितलंत. कॅमेरा मागून घेतलात. गादी मांडीवर, गादीवर कॅमेरा. त्या दिवशी मी काही बोलले नाही. तुमची मनगटं बघवत नव्हती. म्हटलं, आयुष्यात एकदा या माणसाचं ऐकू. हात मांडीवर ठेवले, पापणी लवू दिली नाही, श्वास सोडला आणि थांबले. लाकडाची बाई व्हावी तशी झाले. तुम्ही पडद्यात बघितलंत, मग पडद्यावरून माझ्याकडे, मग परत पडद्यात.

"काय गो," तुम्ही म्हणालात, "बरं नाय का तुला?"

आणि बटण दाबलंच नाहीत.

मग मी नाक मुरडायच्या निमित्ताने डोळे पुसले, दोन्ही हात वर केले आणि आमच्या आळीतल्या कंडक्टरच्या बायकोची नक्कल सुरू केली. त्यातच कुठेतरी टिकटिक झाली. तो फोटो कॅमेऱ्यात आहे. खिडकीचे गज सरळ, खुर्चीची वीण न् वीण दिसतेय, बाहेरच्या संध्याकाळचा निळा रंग जसाच्या तसा. आणि खुर्चीत पंखा. त्यानंतर तुम्ही काढलेला एकही फोटो त्यात नाही.

मला तुम्हाला काही सांगायचं होतं त्या दिवशी. आई-आप्पा गेल्यावर मला माहेर म्हणून जे उरलं ते तुमचं घर होतं. बहिणीचं घर सगळ्याच बायकांना असतं. पण बहिणीच्या नवऱ्याने दारात उभं राहून "आली का आमची कटकट" म्हणावं आणि आपल्याला पोटभर जेवल्यासारखं वाटावं, हे सगळ्यांच्या नशिबी नसतं. हे मी सांगितलं नाही. कंडक्टरच्या बायकोची नक्कल केली. तुम्हाला बहुतेक तीच जास्त आवडली असती, म्हणून मी स्वतःला फार बोल लावत नाही.

आता दहाव्याचं सांगते. तुम्ही जिथे गेलात त्या मधल्या खोलीत दिवा ठेवला होता, दक्षिणेला वात करून. आदल्या संध्याकाळी तुमच्या भागीआत्याने दिव्याशेजारी जमीन सारवून तांदळाचं पीठ पसरलं आणि वर टोपली पालथी घातली. गेलेला माणूस जाता जाता त्या पिठावर काही खूण ठेवून जातो, पाखराचं पाऊल, वेलाची रेघ, काहीतरी. त्यावरून तो सुखाने गेला की जीव मागे राहिला ते कळतं, असं आत्याचं म्हणणं. मी असल्या गोष्टींची टिंगल करणारी. पण त्या रात्री ताई न झोपता टोपलीकडे बघत बसली होती हे सकाळी तिच्या डोळ्यांवरून कळलं, आणि माझी टिंगल घशातच राहिली. कारण तिला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. पोराची वाट बघत गेलेला नवरा मोकळा झाला की नाही, एवढंच. आणि केदारनेही बोटीवरून निरोप पाठवला होता: मावशी, टोपली उचलाल तेव्हा मला दाखव.

सकाळी पुरुषमंडळी भटजींबरोबर नदीवर गेली. घरात आम्ही तिघी: ताई, मी आणि आत्या. मी मोबाइल काढला तर ताई म्हणाली, "तो नको. यांचा घे." आणि कपाटातून कॅमेरा आणि गादी काढून माझ्या हातात दिली. गादी जड लागली. "नवे तांदूळ भरले होते," ताई म्हणाली. "जुन्यांत किडे झालेले. मागच्याच महिन्यात."

खिडकी बंद होती. मी बत्तीकडे हात नेला तर आत्याने मनगटावर चापट मारली. "बत्ती नाय लावायची. दिव्यानंच बघायचं."

भावोजी, तुमची सगळी परीक्षा माझ्यावर आली. त्या खोलीत मिणमिणता एक दिवा, आणि कॅमेरा धरणारी कोण, तर पंखा! पण मी सगळं केलं. पाट ठेवला, पाटावर गादी, गादीत कॅमेरा रुतवला. झूम नाही. रवा पडेल म्हणून आयएसओ खाली. दिव्याची वात फोटोत पांढरी फटफटीत होऊ नये म्हणून उजेड थोडा कमी करायचं ते अधिक-उण्याचं बटणसुद्धा सापडलं. टायमर लावला. मग आत्याने टोपली उचलली.

पिठावर काही नव्हतं.

दिव्याचा उजेड आडवा पडला होता. कारखान्यात मूर्ती घासल्यावर आम्ही बल्ब असाच बाजूने धरतो. नखाएवढा खड्डा असला तरी त्याची सावली पडते. मी वाकून बघितलं. सावली नव्हती. आत्याने बोटं फिरवली होती तसंच्या तसं पीठ, सपाट, साखरचौथीच्या चंद्रासारखं.

"थांब गो, हे काय हाय? पाऊल नाय?" आत्या म्हणाली.

"ते तुमचंच बोट आहे, आत्या."

"मंग हे?"

"ती जमीन आहे."

"असं कधी होत नाय," आत्या पुटपुटली. "काय ना काय येतंच. मुंगीचं तरी येतंच." ताई पिठाकडे बघत राहिली.

मला काय सुचलं ते सांगते. मला वाटलं, हे तर होणारच होतं. कॅमेरा समोर आहे. टायमर लागलाय. हा माणूस अशा वेळी हलेल? मोदकात मीठ आहे म्हटल्यावरही ज्याने पापणी हलवली नाही, तो आता पिठावर पाऊल टाकून फोटो बिघडवेल? मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही, आणि दोन्ही दाबायला मी तोंडात पदर कोंबला. बटण दाबलं. हात मागे घेतला. टिकटिक सुरू झाली.

फोटो केदारला पाठवला आहे. कॅमेऱ्याच्या पडद्याचा मोबाइलने फोटो काढून पाठवला. तुम्ही असता तर घर सोडून गेला असता. पण पीठ स्पष्ट आलंय, कणन् कण. फक्त दिव्याची ज्योत एका बाजूला पसरलीय, वाऱ्यात धरल्यासारखी. केदारने विचारलं, "मावशी, खिडकी उघडी होती का?" त्याला म्हटलं, नाही रे बाळा, तू ये, मग सांगते. घरी आला की त्याला समोर बसवून, ताईच्या देखत, नीट हातवारे करून सांगणार आहे.

पण तुम्हाला आताच सांगते. टिकटिक थांबली आणि कॅमेऱ्याचा डोळा उघडला. आम्ही तिघी श्वास सोडून थांबलो होतो. मीसुद्धा, भावोजी, देवाशपथ, मीसुद्धा हलले नव्हते. त्या शांततेत ताई, जिने साऱ्या संसारात तुमच्या फोटोच्या वेळी कधी शब्द काढला नाही, ती गुडघ्यांवर पुढे झुकली, दिव्याला तिच्या श्वासाचा झोत लागला, आणि ती त्या कोऱ्या पिठाला एकदम मोठ्याने म्हणाली:

"अवो, आता तरी हला की जरा!"